जसंच्या तसं

आवाज आपल्या नवऱ्याचा आहे, हे दिव्यानीला आधी कळलंच नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर निळ्या साडीतली एक बाई भिंतीला टेकवलेल्या फळ्यापुढे उभी होती, हातात खडू होता, आणि मोबाइल धरून समोर उभा असलेला कुणी पुरुष तिच्यावर खेकसत होता. "अवं, मान वर कर ना! खाली पाहून कोणाशी बोलून राह्यली? तुह्या तोंडावर उजेडच नाई पडून राह्यला!" बाई मान वर न करताच हसली. "हासते काऊन? माहा हात दुखून राह्यला ना वं!" मग बाईनं खडू त्याच्या दिशेनं फेकून मारला. चित्र हललं, छत दिसलं, फिरता पंखा दिसला, फरशीवरचा एक अनवाणी पाय दिसला. त्या पायाच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. ते नख दिव्यानी रोज बघत होती; सकाळी बाजेवर बसून धनराज मोजे चढवायचा तेव्हा ते त्यात अडकायचं. नखावरून तिनं माणूस ओळखला, आणि माणसावरून आवाज. तोवर पडद्यावर दोघंही हसत सुटली होती, आणि मोबाइल कुठंतरी आडवा पडून नुसतीच भिंत दाखवत होता.

तिनं व्हिडिओ थांबवला. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, बाहेर भाद्रपदातला चिवट पाऊस समोरच्या घराच्या पत्र्यावर एकसारखा वाजत होता, आणि भर दुपारी खोलीत दिवा लावावा लागला होता. लग्न झाल्यापासून धनराजच्या तोंडून 'अवं' हा शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. तो तिला 'तुम्ही' म्हणायचा. तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल. तुम्ही थकल्या असाल, चहा मी करतो. सकाळच्या बातम्या सांगणाऱ्या माणसासारखं स्वच्छ, घडी घातलेलं मराठी. शेजारच्या मीराबाई पहिल्यांदा ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "बायकोले तुमी म्हणते वं हा! माह्या म्हाताऱ्यानं मले आयुष्यभर 'ए' म्हणून हाक मारली." आणि मग जरा गंभीर होऊन, "नशीबवान आहेस बाई." तेव्हा दिव्यानीलाही तसंच वाटलं होतं. माहेरी फोनवर आईला तिनं ते सांगितलंही होतं, मिरवल्यासारखं. आज, त्या ओल्या दुपारी, तिला वाटलं की इतके दिवस आपल्याला बाहेरच्या खोलीत बसवून पाहुणचार चालला होता, आणि आतल्या घराची कडी आपल्याला कुणी दाखवलीच नव्हती.

खरं तर ती ते बघायला बसलीच नव्हती. लॅपटॉप मरायला टेकला होता. सुरू केला की आतली जुनी हार्ड डिस्क दात वाजवल्यासारखी टक टक करायची, आणि पडदा उजळेपर्यंत भाजी चिरून व्हायची. धनराज हिवताप विभागात होता. रक्ताच्या नमुन्यांची सगळी माहिती तो याच लॅपटॉपवर भरायचा. दिव्यानी गडचिरोलीतच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तेव्हा लॅपटॉप दुरुस्त करायचं काम तिचंच होतं. जुन्या डिस्कच्या जागी बसवायला तिनं नवी एसएसडी आणली होती, तळहातात मावणारी, पत्त्यांच्या कॅटाएवढी. तिच्यात ना काही फिरत होतं ना वाजत होतं. "यात विंडोज नव्यानं टाकून देते," ती म्हणाली होती, "एकदम कोरं, स्वच्छ. तुमच्या कामाच्या तेवढ्या फायली उचलून ठेवते." धनराज भामरागडला निघायच्या तयारीत होता. पिशवीची साखळी लावता लावता तो थांबला. "नको," तो म्हणाला. "सगळं जसंच्या तसं आलं पाहिजे. होईल का तसं तुमच्याकडून?" होईल, ती म्हणाली. त्याला क्लोन म्हणतात. जुन्या डिस्कवर जे जिथं आहे ते तिथंच, तसंच, नव्या डिस्कवर उतरतं. माणसाला फरकही कळत नाही. "मग तसंच करा," तो म्हणाला, आणि जाता जाता दारातून परत वळून पुन्हा म्हणाला, "जसंच्या तसं." तो गेला, आणि दुसऱ्याच दिवशी भामरागडच्या अलीकडे नदी पुलावर चढली, रस्ता बंद झाला, मोबाइलचा टॉवरही गेला. ऑफिसातून कळलं तसा तो तिकडे कुठल्याशा आरोग्य केंद्रात अडकला होता, आणि इकडे ती या लॅपटॉपबरोबर.

लॅपटॉप करिष्माचा होता. धनराजची पहिली बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. टाळेबंदीत शाळा बंद पडली तेव्हा ती घरीच धडे रेकॉर्ड करून मुलांच्या घरच्या मोबाइलवर पाठवायची, आणि मोबाइल धरायला धनराज. दुसऱ्या लाटेत ती गेली. हे सगळं दिव्यानीला ठाऊक होतं. बघण्याच्या कार्यक्रमात, गोंडपिपरीला, तिच्या बापाच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून धनराजनं ते स्वतःच सांगितलं होतं. पोहे तसेच ठेवून तो म्हणाला होता, "मी तिला विसरलेलो नाही. खोटं बोलून लग्न करणार नाही." बाकीचे चपापले, तिच्या मामानं विषय बदलला. पण दिव्यानीला आत काहीतरी हललेलं आठवत होतं. एवढं खरं बोलणारा माणूस तिनं आधी पाहिला नव्हता. तो होकार तिनं त्या एका वाक्याला दिला होता, आणि आता तेच वाक्य चपलेत शिरलेल्या खड्यासारखं पावलोपावली टोचत होतं. विसरलेलो नाही. म्हणजे काय काय विसरलेला नाही?

क्लोन करायच्या आधी जुन्या डिस्कवर काय आहे ते बघावं लागतं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि पुढचा व्हिडिओ लावला. ते खोटं होतं. क्लोनला काही बघावं लागत नाही. तिनं तो बघितला, मग त्याच्या पुढचा. हे मुलांना पाठवलेले धडे नव्हतेच, धड्यांमधून कापून टाकलेले तुकडे होते, चुकलेले, फसलेले, फोल्डरभर. करिष्मा भिंतीवरच्या फोटोत गोरी आणि शांत दिसायची. इथे ती सावळी होती, घामेजलेली होती, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढला होता, आणि हसताना ती तो झाकायचीही नाही. हातच्याची बेरीज शिकवायला तिनं मोहाच्या बिया, टोया, मांडल्या होत्या; दहा टोयांची एक मूठ. मुठी करता करता धनराजच्या हातानं मागून येऊन एक टोय पळवली. "आता किती राह्यल्या, मॅडम?" "ठेव ती आधी! ठेव म्हणते ना! तुले शिक्षण नाई, अक्कल नाई." "अन् तुले तरी कोठी आहे? तीनदा चुकली आतापर्यंत." "मंग तूच शिकव ना, ये इथी उभा राह्य." एका तुकड्यात तर भांडणच होतं, खरंखुरं. तो कशावरून तरी चिडला होता, आवाज तारस्वरात गेला होता. "सांगतलं होतं का नाई तुले? सांगतलं होतं ना? कानात का बोळे घातले व्हते?" आणि करिष्मा फळ्याकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून उभी होती. तिथं तो तुकडा संपायचा. दिव्यानीनं तो पुन्हा लावला. पुन्हा लावला. हसण्याचा मत्सर तिनं कसाबसा गिळला असता. हसणं कुणीही कुणाबरोबर हसतं. पण हे ओरडणं? ज्या माणसानं तिच्यासमोर कधी ताटातलं मीठ कमी आहे म्हणूनही भुवई उचलली नव्हती, तो असं कुणावर तरी चिडत होता, आणि त्या चिडण्यात केवढा हक्क होता. आपलं माणूस असल्याशिवाय कुणी असं चिडत नाही.

तिला तिचा बाप आठवला. लटारूचं आणि आईचं भांडण बांधावर सुरू व्हायचं; चिखल तुडवत, भाताचा रोवणा करता करता, गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं. आई पदर खोचून उत्तरं द्यायची आणि तिची उत्तरं नेहमी सरस असायची. लहानपणी दिव्यानीला त्याची इतकी लाज वाटायची की शाळेतल्या मैत्रिणींना ती घरी आणायची नाही. आपला नवरा हळू बोलणारा असावा, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण तीच आई भांडणानंतर संध्याकाळी चुलीपाशी बसून लटारूच्या भातावर वरण वाढताना काहीतरी पुटपुटायची, आणि तो खाली मान घालून हसायचा. त्या पुटपुटण्यात काय असायचं ते मुलांना कधी कळलं नाही. ते त्या दोघांचं होतं. आपल्या घरात असं दोघांचं काय आहे, हे दिव्यानी आठवू लागली, आणि तिला नीट धुतलेले कप, वेळेवर भरलेलं सिलिंडर आणि 'तुम्ही आराम करा' एवढंच आठवलं. तिची स्वतःची बोलीही तिनं या घरात येताना दाराबाहेर काढून ठेवली होती. तो 'तुम्ही' म्हणतो, मग आपण 'मले-तुले' कसं बोलायचं? क्लासमध्ये पोरींशी ती मोकळी बोलायची. घरी आली की तिच्या जिभेला इस्त्री व्हायची.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं काम सुरू केलं. एसएसडी वायरीनं लॅपटॉपला जोडली, क्लोन करायचं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर दोन पट्ट्या आल्या, वर जुनी डिस्क, खाली नवी, रिकामी. जुनीचे दोन भाग होते. 'सी'मध्ये विंडोज आणि धनराजची सरकारी कामं, 'डी'मध्ये करिष्मा. दोन्हींपुढे बरोबरची खूण आपोआप आलेली होती. काही करायचं नव्हतं, नुसतं बटण दाबायचं होतं. जुनी डिस्क टक टक करत होती, आणि दिव्यानीच्या मनात आलं की ही अशीही मरतेच आहे. क्लासमध्ये ती स्वतःच पोरांना सांगायची की जुन्या डिस्कचा काही भरवसा नाही, कुठला तुकडा कधी वाचता येणार नाही ते सांगता येत नाही. 'डी' वाचता आला नाही. एवढंच म्हणायचं. धनराज काय, जगातला कुठलाही माणूस त्यावर विश्वास ठेवेल. तिनं 'डी'पुढची खूण काढली. ती इतक्या सहज निघाली की तिला दचकायला झालं.

पट्टी भरत गेली तशी ती उठून फिरत राहिली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. झाल्यावर तिनं लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले, जुनी डिस्क बाहेर घेतली आणि नवी आत बसवली. बटण दाबलं आणि पडदा लख्ख उजळला. तीच पार्श्वभूमीची हिरवी शेतं, तीच चिन्हं त्याच जागी, वरच्या कोपऱ्यात करिष्मानं कधीतरी तिरपं ठेवलेलं कचऱ्याच्या डब्याचं चिन्हसुद्धा. म्हणजे कितीही काढलं तरी ही बाई कोपऱ्यात उरतेच. दिव्यानीला हसू आलं, आणि ते हसू तिला आवडलं नाही. जुनी डिस्क अजून कोमट होती. तिनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात साड्यांच्या मागं सारली. फेकली नाही. का फेकली नाही याचं उत्तर तिनं स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, आणि जेवणाच्या वेळेला कमळाबाई दारात उभ्या राहिल्या. करिष्माची आई. डोळे तपासायला गावातल्या बायांबरोबर गडचिरोलीला आल्या होत्या. बाकीच्या बाया बाजारात गेल्या, त्यांना कुणीतरी घरापर्यंत आणून सोडलं. बाहुल्या मोठ्या करायचं औषध डोळ्यांत टाकलेलं होतं, सगळं धुरकट दिसत होतं, म्हणून चौकटीला हात लावत त्या आत आल्या. लग्नात याच बाईनं दिव्यानीला साडी नेसवली होती, ओटी भरली होती आणि मांडवात सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "माही एक लेक गेली, ही दुसरी आली." तेव्हापासून सणावाराला त्यांचा फोन यायचा. दिव्यानी त्यांना आई म्हणायची. म्हणताना दरवेळी जीभ किंचित अडखळायची.

"धनराज कोठी आहे?" कमळाबाईंनी पाणी पिऊन विचारलं.

"भामरागडला अडकले. पूल पाण्याखाली आहे."

"जपून राह्यला म्हणजे झालं." त्या भिंतीला टेकून बसल्या. दिव्यानीनं ताट वाढलं, त्यांनी चाचपत दोन घास खाल्ले, आणि मग टेबलाच्या दिशेनं मान वळवून बघत राहिल्या. काळ्या धुरकट आकारावर त्यांची नजर थांबली होती. "तो करिष्माचाच कम्प्युटर ना वं?"

"हो."

"मले एक सांग माय. तू शिकलेली आहेस. त्याच्यात तिचा आवाज असंल का? माह्या मोबाइलात व्हता, ती मले तिकडून बोलून पाठवे. मोबाइल बिघडला अन् दुकानदारानं सगळं पुसून देलं. दोन सालं झाली. आता तिचा चेहरा आठवते, आवाज नाई आठवत. झोपताना आठवून पाह्यतो, तर माहाच आवाज येते." हे त्या रडत सांगत नव्हत्या. पावसापाण्याचं सांगावं तसं सांगत होत्या.

दिव्यानीच्या तोंडात वाक्य तयार होतं. डिस्क खराब झाली आई, काही वाचलं नाही. धनराजसाठी घोटून ठेवलेलं वाक्य, नुसतं उच्चारायचं होतं. समोर ती बाई दिसत नसलेले डोळे उघडे ठेवून वाट बघत होती. दिव्यानी उठली. कपाट उघडलं, साड्यांच्या मागचं वर्तमानपत्र काढलं आणि जुनी डिस्क वायरीला जोडली. टक टक झालं. ही आताच दगा देईल, असं तिला वाटलं, आणि तिला कळलं की आपण जीव मुठीत धरून बसलो आहोत, ती चालावी म्हणून. मग फोल्डर उघडला.

टोयांचा तुकडा लागला. "दहा टोयांची एक मूठ. पहा मुलांनो, एक मूठ." कमळाबाई पुढे सरकल्या. पडद्याकडे बघायचं सोडून त्यांनी डोळे मिटले आणि कान लॅपटॉपजवळ नेला. हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं हळूहळू मिटत होती. "ठेव ती आधी! ठेव म्हणते ना!" म्हातारीच्या तोंडावर हसू पसरलं, दात नसलेलं, लहान पोरासारखं. "अशीच व्हती," त्या पुटपुटल्या. "कोणाची ऐकत नसे." दिव्यानी बाजूला उभी होती, आणि एवढ्या सगळ्यातही तिचा मत्सर गेला नव्हता. आपण मेलो तर आपल्या आवाजासाठी असं कुणी कान लावेल का?

तेवढ्यात तो भांडणाचा तुकडा आपोआप सुरू झाला. "सांगतलं होतं का नाई तुले? कानात का बोळे घातले व्हते?" कमळाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. त्यांनी डोळे उघडले.

"बंद कर वं ते."

दिव्यानीनं बंद केलं.

"याच्याच पायी पोरगी माह्या घरी येऊन बसली व्हती," कमळाबाई म्हणाल्या. "दिवाळीले आली ते संक्रांतीपर्यंत गेली नाई. मारलं नाई त्यानं कधी, खोटं कायले बोलू. पण तोंड असं, का माणसाले घरात जनावर असल्यासारखं वाटे. चार मास्तरांपुढे बोलला तिले. हासे तेवढं हासे अन् मंग एकाएकी असा फाटे. ती सांगे, आई, मले त्याचं हासणंही नको वाटते आता, त्याच्या मागं काय येईल त्याचं भेव वाटते. मंग न्यायले आला. माह्या अंगणात बसला. पाठवली मी पोरीची समजूत काढून." त्या थांबल्या. "ती गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी, माह्या पायाशी येऊन बसला. म्हणे, आई, आता कोणाले अरे-तुरे करणार नाई. आवाज चढवणार नाई. मेलो तरी नाई. पाळून राह्यला का थो?"

"पाळतात," दिव्यानी म्हणाली. "मला तुम्ही म्हणतात."

"तुमी?" कमळाबाईंनी मान हलवली, आश्चर्यानं की कौतुकानं ते कळलं नाही. "चांगलं आहे मंग. तुह्या वाट्याले चांगलं आलं माय. माह्या पोरीच्या जिवावर आलं, पण आलं."

बाया बाजारातून परतल्या, कमळाबाईंना घेऊन गेल्या. जाताना त्यांनी दिव्यानीच्या गालावरून हात फिरवला, चाचपत, जसा आंधळ्यानं फिरवावा. दार लावून दिव्यानी तिथंच उंबऱ्यावर बसून राहिली. म्हणजे ते 'तुम्ही'सुद्धा करिष्माचंच होतं. तो हळू बोलायचा, चहा करायचा, मीठ कमी असलं तरी गप्प जेवायचा, ते सगळं करिष्माला दिलेलं होतं, उशिरा, ती घ्यायला नसताना. आणि आपण मध्येच बसून ते तिच्या नावानं घेत होतो. ओरडणं तिचं, हसणं तिचं, पश्चात्तापही तिचाच. आपल्यासाठी म्हणून त्यानं नव्यानं काय काढून ठेवलंय? तिला करिष्माची कीव यायला हवी होती, हे तिला समजत होतं. फळ्याकडे तोंड करून उभी असलेली ती ताठ पाठ तिला आता वेगळी दिसत होती. पण कीव यायची तिथं पुन्हा तोच जळका वास यायचा. एवढं काहीतरी ती त्याच्यात खोदून गेली होती. आपण त्याच्यावर साधा ओरखडाही उमटवला नव्हता.

दिवेलागणीला फोन वाजला. टॉवर आला होता.

"हॅलो, दिव्यानी? पाणी उतरलं. उद्या निघतो. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"आई येऊन गेल्या. कमळाआई."

"हो का? डोळे कसे आहेत त्यांचे?" आवाज थकलेला होता, पण घडी मोडलेली नव्हती. "तुम्ही जेवलात?"

"लॅपटॉपचं काम झालं," ती म्हणाली. आपण काय बोलणार आहोत ते तिला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. "सी आला. डी नाही आला. व्हिडिओ गेले सगळे."

पलीकडे दूर कुठंतरी जनरेटर चालू होता, कुणीतरी कुणाला माडिया बोलीत हाक मारत होतं. मग तो म्हणाला, "जाऊ द्या. मशीनच आहे शेवटी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तोच मऊ, पुसलेला आवाज.

"रागवा ना," ती म्हणाली.

"काय?"

"रागवा मले! तिच्यावर चिडत व्हते तसे. मी तुमची एवढी मोठी वस्तू घालवली, अन् तुमी म्हणता जाऊ द्या? मी का तहसीलदारीण हावो, का पाहुणी हावो? काऊन माह्याशीच असं बोलून राह्यले तुमी?" आपलाच आवाज तिला बांधावरून आल्यासारखा वाटला, चिखलातून, आईच्या घशातून.

तो अगदी हळू म्हणाला, "तू पाह्यलं ते?"

तू. ती भिंतीला टेकली.

"पाह्यलं."

"पाह्यलं? मंग गेलं कसं?" आवाज चढू लागला होता. "पाहाले भेटलं अन् घ्याले नाई भेटलं? खरं सांग. खरं सांग दिव्यानी! तूच पुसलं ना? जसंच्या तसं पाहिजे म्हणून दोनदा सांगतलं व्हतं ना तुले? दोनदा! एवढं एकच मांगलं मी तुले आजवर. दुसरं काही मांगलं का? कम्प्युटर शिकवते म्हणे लोकाईले! अक्कल गहाण ठेवली का, का तुह्या डोळ्यात ती मेलेली बाईही खुपून राह्यली?" तो बोलतच राहिला. टॉवर मध्येच तुटत होता, शब्द अर्धे येत होते, पण सूर अखंड येत होता, तारस्वरातला, व्हिडिओतला. हे आपल्याला हवं होतं, दिव्यानीनं स्वतःला बजावलं. कडी निघाली, आतलं घर उघडलं, आत ये म्हणाला. पण तिची पाठ आपोआप ताठ झाली होती, तोंड भिंतीकडे वळलं होतं, आणि दिवाळीला माहेरी जाऊन संक्रांतीपर्यंत न परतणाऱ्या बाईला घर सोडलेल्या रात्री कशी झोप लागली असेल ते तिला आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती. तरीही तिनं फोन कानापासून दूर केला नाही. त्यानं तिच्या नावानं हाक मारली होती. या शिव्या तिच्याच होत्या, करिष्माच्या नव्हत्या.

"आहे," ती म्हणाली. "काई नाई गेलं. जुनी डिस्क कपाटात आहे. मीच नाई घेतलं."

तो एकदम थांबला. त्याचा श्वास धावून आलेल्या माणसासारखा येत होता. मग त्याला आपलं बोलणं ऐकू आलं असावं, कारण तो म्हणाला, "माफ करा. चुकलं माझं. तुम्ही..."

"तुमी नका म्हणू मले."

"बरं."

"अन् असंही नका बोलू. असं बोलले तर मी जाईन गोंडपिपरीले. मी संक्रांतीले परत येणाऱ्यातली नाई."

पलीकडे जनरेटर बंद पडला. "मंग कसं बोलू?" त्यानं विचारलं. हे तो खरंच विचारत होता. त्याला दोनच तऱ्हा येत होत्या, आणि दोन्ही त्याला एकाच बाईनं शिकवल्या होत्या.

"मले माहीत नाई," दिव्यानी म्हणाली. "घरी या. मंग पाहू."

फोन ठेवून ती टेबलापाशी आली. नव्या डिस्कवर उरलेली मोकळी जागा पडद्यावर राखाडी दिसत होती. तिनं जुन्या डिस्कचा 'डी' भाग निवडला, त्याचा बाण त्या राखाडी जागेकडे वळवला आणि बटण दाबलं. पट्टी सुरू झाली. डिस्क टक टक करत होती, मध्येच गप्प व्हायची, पट्टी थबकायची, मग कुठूनतरी धागा सापडल्यासारखी ती पुन्हा पुढे सरकायची. टोया येत होत्या, खडू येत होता, तो हसत होता, ओरडत होता, ती पाठ करून उभी होती, सगळं कणाकणानं नव्या जागी उतरत होतं. दिव्यानीला जळत होतं. आजही जळत होतं, उद्याही जळेल, हे तिला दिसत होतं. खुर्ची ओढून ती समोर बसली, आणि ते सगळं येईपर्यंत उठली नाही.